वाचक कुठून येतो आणि परत का येतो

(सार्वजनिक व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तेवढी तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय पत्रिकेत ‘संकेतस्थळाची वाचकसंख्या कशी वाढवावी’ असा छापलाय. समोर बसलेल्यांपैकी काही जण वाचनालयाचं संकेतस्थळ सांभाळतात, काही जण मंडळाचं. काही जण गिरणगावच्या आठवणी गोळा करतायत, दोघी-तिघी पाककृती लिहितात. तुम्ही आधी पाठवलेल्या चिठ्ठ्या मी वाचल्या. शब्द वेगळे, पण तक्रार एकच : आम्ही मेहनत घेऊन लिहितो, वाचायला मात्र कोणी येत नाही.

ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गिरणीत काम केलेल्या माणसाची मुलाखत तुम्ही घेतली, टाइप केली, साइटवर चढवली आणि ती कोणाला सापडलीच नाही, तर ती कपाटात कुलूपबंद राहिल्यासारखीच आहे. सांगणारी माणसं दरवर्षी कमी होतायत. आणि लिहिणारे तुम्ही बहुतेक जण नोकरी-संसार सांभाळून, पदरमोड करून हे करता. वर्षभर कोणी फिरकलं नाही की हात थांबतो. पुढच्या वर्षी डोमेनचे पैसे भरायचे राहून जातात आणि साइट बंद. म्हणून वाचक कसा येतो, हे समजून घ्यायला हवं.

आधी आकडा समजून घेऊ

लालबागच्या राजाच्या दोन रांगा तुम्हाला माहीत आहेत. एक मुखदर्शनाची, एक नवसाची. मुखदर्शनाच्या रांगेतला माणूस लांबून हात जोडतो आणि पुढे सरकतो. नवसाच्या रांगेतला रात्र रात्र उभा राहतो, कारण त्याचं तिथे काम आहे. गर्दी मोजताना दोघेही एकेकच धरले जातात. पण त्यातला पुढच्या वर्षी नक्की कोण येणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

संकेतस्थळाचंही तसंच. पूर्वी ‘हिट’ मोजायचे. एका पानावर वीस चित्रं असली, तर ते पान एकदा उघडलं की एकवीस हिट पडायचे. म्हणजे माणूस एक आणि आकडा एकवीस. आजची मोजणी त्यापेक्षा बरी आहे, तरी यंत्रांच्या फेऱ्या आणि चुकून आलेली माणसं त्यात मिसळलेली असतात. तुम्हाला एखादा फोन येऊन गेला असेल : ‘महिन्यात लाख व्हिजिटर आणून देतो, इतके पैसे पडतील.’ असे विकत मिळणारे लाख म्हणजे बहुतेक वेळा आपोआप पानं उघडणारे प्रोग्रॅम, नाहीतर दुसरंच काही बघताना ज्यांच्यासमोर तुमचं पान अचानक उघडलं अशी बिचारी माणसं. ही मुखदर्शनाचीसुद्धा रांग नव्हे. रस्त्यावरून जाणारी बस आहे ती.

मग मोजायचं काय? दोनच गोष्टी. आलेल्यांपैकी शेवटपर्यंत किती जणांनी वाचलं, आणि महिन्याभरात किती जण परत आले. हे दोन आकडे लहान असले तरी चालतील, पण ते वाढले पाहिजेत.

मुंबईत हे काम आधी झालंय

वाचक जमवण्याचा धंदा संगणकाबरोबर आला, असं समजू नका. याच शहरात ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं. त्यात मजकूर दोन स्तंभांत असायचा, एकात मराठी आणि एकात इंग्रजी. कारण वाचक दोन प्रकारचे होते आणि बाळशास्त्रींना दोघांशीही बोलायचं होतं. आपला वाचक कोण, तो कोणत्या भाषेत शोधतो, हा प्रश्न तेव्हाच सुटा करून मांडलेला दिसतो. आठ वर्षांनी, १८४० मध्ये ‘दर्पण’ बंद झालं. चांगलं लिहिणं आणि टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही तिथेच दिसतं.

पुढे १९०९ साल. ‘मनोरंजन’ मासिकाचे संपादक काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. यात युक्ती काय होती? वाचकाला तारीख दिली. फराळ, आकाशकंदील आणि अंक. वाचक वाट बघायला लागला, जाहिरातदारही वाट बघायला लागला. आजही दरवर्षी शेकड्यांनी दिवाळी अंक निघतात, ते त्या एका तारखेच्या जोरावर.

तिसरं उदाहरण तुमच्या भिंतीवर आहे. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ सुरू केलं. माणूस त्याच्याकडे का जातो? चतुर्थी कधी, एकादशी कधी, मुलांना सुट्टी कधी, आणि दुधाचा खाडा कुठल्या दिवशी पडला ते लिहायला. रोज नजर जाते. महिना संपला की पान उलटतं आणि मागे लेख असतो, पाककृती असते. तो लेख वाचायचा म्हणून कोणी कॅलेंडर घेतलेलं नसतं, पण उभ्या उभ्या वाचून होतो. गरज माणसाला आणते आणि मजकूर त्याला थांबवतो. आजच्या व्याख्यानाचं सार एवढंच आहे. बाकीचं तंत्र आहे, तेही सांगतो.

चार दरवाजे

वाचक तुमच्याकडे चार दरवाज्यांनी येतो. काही शोधत असताना गूगलवरून येतो. दुसऱ्या कुठल्या साइटवर तुमचा दुवा दिसला म्हणून येतो. व्हॉट्सॲप, फेसबुकवर कोणी पाठवलं म्हणून येतो. किंवा तुम्हाला ओळखतो म्हणून थेट येतो. चौघांची सोय वेगवेगळी करावी लागते.

पहिला दरवाजा शोधाचा. शोधयंत्र तीन कामं करतं. आधी त्याचा प्रोग्रॅम दुव्यावरून दुव्यावर फिरत पानं वाचतो. मग कोणता शब्द कोणत्या पानावर आहे, याची सूची करतो. पुस्तकाच्या शेवटी असते तशीच, फक्त प्रचंड. आणि तुम्ही प्रश्न विचारलात की त्या सूचीतली पानं क्रमाने लावतो. १९९८ मध्ये गूगल आलं तेव्हा क्रम लावायची त्यांची मोठी युक्ती ही होती की दुसऱ्या पानाने दिलेला दुवा म्हणजे एक मत. ज्याला जास्त मतं आहेत, त्याचं मतही जास्त वजनाचं. आता त्यात इतर कितीतरी गोष्टी आल्यात, पण पाया तोच.

आता या पहिल्या पायरीवरच मराठी साइट्स कशा अडखळल्या ते बघा. सुरुवातीच्या काळात बऱ्याच मराठी संकेतस्थळांनी आपापले फाँट वापरले. डोळ्याला ‘क’ दिसायचा, पण आत यंत्राच्या लेखी तिथे एखादं रोमन अक्षर असायचं. वाचकाला मराठी आणि गूगलला अगम्य. युनिकोड रुळल्यावर हा घोळ मिटला. पण त्याच दुखण्याचा नवा अवतार आपल्याकडे आहे, तो म्हणजे स्कॅन केलेली पीडीएफ. मंडळाची पन्नास वर्षांची स्मरणिका फोटो काढून चढवली की आपल्याला वाटतं, झालं काम. यंत्राच्या दृष्टीने तो पानांचा फोटो आहे. त्यातली अक्षरं ओळखण्याची सोय आता आहे, पण जुन्या छपाईत ती चुकते. तेव्हा पूर्ण अंक टाइप करणं जमत नसेल, तर अनुक्रमणिका, लेखकांची नावं आणि प्रत्येक लेखाचा एक परिच्छेद तरी टाइप करा. शोधणारा तेवढ्या धाग्यावरून येतो.

अजून एक बारीक गोष्ट. ‘ॲप’मधला पहिला ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतो. एक स्वतंत्र अक्षर म्हणून, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. आणि दुसरा, अ लिहून त्यावर चंद्र देऊन. दिसायला दोन्ही सारखे. ‘कोपऱ्यात’, ‘ऱ्हास’ या शब्दांमधला रफार नसलेला आडवा र सुद्धा दोन प्रकारे टाइप होतो. मोठं शोधयंत्र हे सांभाळून घेऊ शकतं, पण तुमच्या साइटवरची छोटी शोधपेटी बहुधा घेत नाही. तुमच्यातल्या तीन जणांनी तीन कीबोर्डांवर टाइप केलं असेल, तर एकाने लिहिलेला शब्द दुसऱ्याला सापडणार नाही. सगळ्यांनी एकच पद्धत ठरवून घ्या.

लोक कोणत्या शब्दाने शोधतात

एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. पण परळला नोकरी केलेला, आता गावी राहणारा माणूस अजून ‘एल्फिन्स्टन’च म्हणतो. त्याची नात ‘प्रभादेवी’ टाइप करते. तुमच्या पानावर एकच नाव असेल तर दोघांपैकी एक जण हरवला. जुन्या पाट्यांवर ‘गिरगांव’ अनुस्वारासकट आहे, आता आपण ‘गिरगाव’ लिहितो, आणि इंग्रजीत तर दोन-तीन स्पेलिंगं चालतात. म्हणून पहिल्या परिच्छेदात सहज येईल असं एकदा लिहायचं : प्रभादेवी, म्हणजे पूर्वीचं एल्फिन्स्टन रोड. वाचकालाही ते उपयोगी पडतं. तेच नाव वीस वेळा कोंबायचं नाही. यंत्राला ती चलाखी केव्हाच कळायला लागलीय, आणि माणसाला तर पहिल्यापासून कळतेय.

आता विषय कसा निवडायचा? १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप, डॉ. दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, यावर मोठ्या वर्तमानपत्रांची, विश्वकोशांची पानं आहेत. ‘गिरणी संप’ या शब्दावर तुम्ही त्यांच्या वर येणं अवघड. पण ‘बदली कामगार म्हणजे काय’, ‘जॉबर काय करायचा’, ‘साचाखात्यातलं काम कसं असायचं’, ‘खाणावळीचा महिना कसा ठरायचा’, ‘भोंगा किती वाजता व्हायचा’ असे प्रश्न विचारणारा आला, तर त्याला उत्तर कोण देणार? ते तुमच्याकडच्या मुलाखतींमध्ये पडून आहे. असा एकेक प्रश्न विचारणारे थोडे असतात, पण असे शंभर प्रश्न असतात आणि तिथे तुम्हाला स्पर्धा नसते. एका पानावर एक प्रश्न घ्या. शीर्षकात तो प्रश्न वाचकाच्या शब्दांत लिहा आणि पहिल्या चार ओळींत उत्तर द्या. नंतर रंगवून सांगा. ‘एक अविस्मरणीय आठवण’ हे शीर्षक सुंदर असेल, पण ते शब्द घालून कोणी शोधत नाही.

यातला एक वाचक डोळ्यांसमोर ठेवा. गिरणी कामगारांच्या घरांच्या योजनेत १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असलेले कामगार आणि त्यांचे वारस येतात. वारसाला वडिलांचं, आजोबांचं काम सिद्ध करायला कागद लागतात : गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, पगारपावती, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक. आता कोकणात किंवा साताऱ्याकडे राहणारा एक मुलगा पत्र्याच्या पेटीतून निघालेला पिवळा कागद हातात घेऊन मोबाइलवर शोधतोय, हा आकडा कसला? तुमच्या पानावर तशा तिकिटाचं चित्र आणि त्यावर काय काय लिहिलेलं असायचं, याची माहिती असेल, तर तो वाचक लाखात एक आहे. मात्र इथे जबाबदारीही आहे. योजनेचे नियम ऐकीव लिहू नका. सरकारी पानाचा दुवा द्या आणि ‘ही माहिती अमुक तारखेला तपासली’ असं खाली लिहा. चुकीच्या माहितीवर विसंबून कोणाची अर्जाची मुदत गेली, तर तुमच्या वाचकसंख्येचं काय करायचं?

पान उघडलं तर पाहिजे

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि मराठी वाचक मोबाइलवर आला. तो लोकलमध्ये, एसटीत, रेंज येत-जात असताना वाचतो. फोनने काढलेला पाच एमबीचा फोटो तसाच चढवलात, तर पावसात हिंदमाताला जशी गाडी अडकते तसं तुमचं पान अडकतं. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलचाच दंडक आहे. फोटो लहान करून दोनशे केबीच्या आत आणा. मूळ मोठा फोटो घरी जपून ठेवा. आणि स्वतःचं पान ऑफिसच्या वायफायवर तपासू नका. दादर ते ठाणे स्लो लोकलमध्ये उघडून बघा.

दुवे आणि व्हॉट्सॲप

दुसरा दरवाजा दुव्यांचा. दुवे विकत घेऊ नका, उघडकीला येतात आणि पान मागे ढकललं जातं. शेजाऱ्यांकडे मागा : ज्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी तुमचं साहित्य वापरलं ते, ज्या ग्रंथालयाने स्मरणिका दिली ते. विकिपीडियावरच्या बाहेरच्या दुव्यांना २००७ पासून शोधयंत्रासाठी ‘हे मत धरू नका’ अशी खूण असते, म्हणून तिथे दुवा लावून क्रम वाढणार नाही. पण मराठी विकिपीडियावरच्या लेखात तुमच्या मुलाखतीचा खरोखर संदर्भ म्हणून उपयोग झाला, तर खरा जिज्ञासू तिथून येतो.

तिसरा दरवाजा व्हॉट्सॲपचा. इथे मराठीची जुनी व्यथा आहे. पूर्ण लेख कॉपी होतो, खालचं नाव गळतं आणि सहा महिन्यांनी तो आपल्यालाच ‘छान आहे, नक्की वाचा’ म्हणून येतो. यावर अक्सीर इलाज नाही. निदान आपण स्वतः पाठवताना पूर्ण मजकूर पाठवू नये. लेखातली सगळ्यात जिवंत दोन वाक्यं आणि दुवा, एवढंच पाठवावं. दुव्याच्या शेवटी ओळखीची खूण जोडता येते, ती जोडा. नाहीतर व्हॉट्सॲपवरून आलेले बरेचसे वाचक मोजणीत ‘थेट आले’ म्हणून दिसतात आणि आपला अंदाज चुकतो.

तिथी ठरवा

गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव आहे. चिंचपोकळीचं मंडळ १९२० चं. दरवर्षी भाद्रपदाच्या आधी लोक हे शोधतात. आपण काय करतो? दरवर्षी नवं पान, नवा पत्ता, शीर्षकात साल. मागच्या वर्षी मिळालेले दुवे जुन्या पानावर राहतात आणि नवं पान पुन्हा शून्यापासून सुरू होतं. त्यापेक्षा एकच पान ठेवा, त्याचा पत्ता बदलू नका, दरवर्षी उत्सवाच्या तीन-चार आठवडे आधी त्यात भर घाला. १८ जानेवारी, १ मे, आषाढ, गणपती, दिवाळी असं तुमचं स्वतःचं कॅलेंडर करा. महिन्याला एकच लेख द्या, पण ठरलेल्या दिवशी द्या. ‘मनोरंजन’ने तेच केलं.

नाडी कशी बघायची

गूगलचं सर्च कन्सोल नावाचं साधन आहे, फुकट आहे. त्यात दिसतं की तुमचं पान शोधात किती वेळा दाखवलं गेलं, किती वेळा त्यावर टिचकी पडली आणि लोकांनी कोणते शब्द घातले होते. समजा, पान हजार वेळा दिसलं आणि टिचक्या दहा पडल्या. म्हणजे शंभरात एक. याचा अर्थ लोक विचारतायत, पण तुमचं शीर्षक त्यांना बोलावत नाही. शीर्षक बदला. दुसरी अवस्था, टिचकी पडते पण माणूस लगेच निघून जातो. म्हणजे शीर्षकाने जे कबूल केलं, ते पहिल्या परिच्छेदात नाही. तिसरी, पान दाखवलंच जात नाही. मग यंत्राने ते वाचलंय का, हे आधी तपासा. वाचलं असूनही दिसत नसेल, तर तो प्रश्न त्या शब्दांत कोणी विचारत नाही, किंवा दुसऱ्या कोणी चांगलं उत्तर दिलंय. तीन दुखणी, तीन औषधं. एकाचं औषध दुसऱ्याला देऊ नका.

श्रोत्यांचा प्रश्न

इथे एक प्रश्न आलाय : ‘आता एआय वरच्या वर उत्तर देतं, मग आमच्याकडे कोण येणार?’

प्रश्न रास्त आहे. २०२४ पासून गूगल स्वतःच तयार केलेलं उत्तर बऱ्याच शोधांवर सगळ्यात वर दाखवायला लागलं, आणि वरवरचं उत्तर पुरतं तो माणूस खाली येत नाही. दहा ठिकाणी असलेली माहिती अकराव्यांदा लिहिणाऱ्याला याचा फटका बसणारच. पण त्या यंत्राला लालबागच्या खोलीतल्या मावशी खाणावळ कशी चालवायच्या, हे कोणी लिहिल्याशिवाय कळणार नाही. मूळ मुलाखत, आवाज, फोटो, हस्ताक्षरातला हिशेब हे तुमच्याकडेच आहे. ते बघायला माणसाला यावं लागेल.

आणि चौथा दरवाजा, थेट येणारा, तो स्वतः बांधा. जुन्या मासिकांकडे वर्गणीदारांची वही असायची. कोण कुठे राहतो, कोणाची वर्गणी संपली, सगळं त्यात. तुम्ही वाचकांच्या परवानगीने ईमेलची यादी करा, लेख आला की दोन ओळी पाठवा. गूगलने नियम बदलले, फेसबुकने दाखवणं कमी केलं, तरी ही वही तुमची राहते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. त्यातले पाचशे जण नावानिशी तुमच्या वहीत असतील, तर काम बंद पडणार नाही, कारण पुढचा लेख कधी, असं विचारणारं कोणीतरी असेल.

घरी गेल्यावर तीनच गोष्टी करा. सर्च कन्सोल जोडा. सगळ्यात जास्त दाखवल्या जाणाऱ्या पाच पानांची शीर्षकं वाचकाच्या शब्दांत लिहून काढा. आणि पडून राहिलेली एक मुलाखत निवडून तिच्यातून एका प्रश्नाचं एक पान करा. तीन महिन्यांनी आकडे बघा, त्याआधी बघून जीव जाळू नका. ज्यांची मुलाखत अजून घ्यायची राहिलीय, त्यांना मात्र याच आठवड्यात फोन करा. वाचकांसाठी थांबता येतं, त्यांच्यासाठी येत नाही.